ऐंशीच्या पुढे

१

शंका घेणं हे माझं काम आहे. अंबडच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. लोक मेहनतीने वस्तू घडवतात आणि मी त्यांत खोट काढते, त्याचा मला पगार मिळतो. संतोष सगळ्यांना सांगायचा, अंतरपाट दूर झाला तेव्हा हिने माझ्याकडे नाही, मुंडावळ्यांच्या गाठीकडे बघितलं. खोटं नव्हतं ते. गाठ खरंच सैल होती.

संतोष माझा नवरा. उन्हाळ्यात वादळ आलं तेव्हा पॉलिहाउसचा उडालेला कागद धरायला तो वर चढला आणि खाली पडला. डोक्याचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आम्ही त्याला घरी आणलं. पण तो आला नाही. श्वास चालतो, नळीतून दिलेलं पोटात जातं, मधूनच डोळे उघडतात, पण ते कशावर थांबत नाहीत. हातापायांच्या काड्या झाल्या आहेत. परत येईलही, असं डॉक्टर म्हणाले. नाही आला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मखमलाबादच्या पुढे मळ्यात आमचं घर आहे, भोवती शेवंती आणि झेंडू. घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी सासू गोजराबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. दिवसभर त्या फुलं तोडणाऱ्या बायकांबरोबर मळ्यात असतात आणि मधे मधे आत येऊन संतोषचं बघून जातात. मी पहिली पाळी करून परत येते ती माझ्या स्कूटीवरून. तिच्या सायलेन्सरचं कव्हर ढिलं आहे, मळ्याच्या वळणावर ती अशी खडखडते की बगळे उडतात. घट्ट करून दे, म्हणून मी संतोषच्या किती मागे लागले होते. तो नेहमी उद्यावर ढकलायचा.

घरी आले की खोलीच्या दारातूनच मी तीन गोष्टी बघते. त्याची छाती खालीवर होते आहे का. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून घातलेल्या हवेच्या गादीचा पंप घुरघुरतो आहे का. आणि टेबलावरच्या लॅपटॉपचा दिवा.

लॅपटॉप संतोषचा. पलंगाला लागूनच त्याचं टेबल आणि खुर्ची आहे. आजूबाजूच्या मळेवाल्यांना तो ठिबकचे आणि पॉलिहाउसचे आराखडे काढून द्यायचा. त्यांना जुने आराखडे कधीही लागतात, म्हणून मी लॅपटॉप कायम चार्जरला लावून चालू ठेवला होता. खरं तर त्या खोलीत त्याचं असं काहीतरी चालू राहावं, एवढंच मला हवं होतं.

तर तो लॅपटॉप ऐंशी टक्क्यांवर अडला होता. आठवडेच्या आठवडे चार्जर लावलेला आणि आकडा ऐंशी. चार्जर जोडलेला आहे, चार्जिंग होत नाही, असं खाली लिहून येई. बॅटरी गेली, असं निदान करून एका शनिवारी, म्हणजे आमच्या एमआयडीसीच्या सुट्टीच्या वारी, मी तो पिशवीत घालून एमजी रोडला नेला.

२

हर्षालीचं दुरुस्तीचं दुकान एका जिन्याखाली आहे. तिथे दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. तिने लॅपटॉप उघडला, इकडेतिकडे बोट फिरवलं आणि हसली. बॅटरीला काही झालेलं नाही, म्हणाली. बॅटरी कायम काठोकाठ भरलेली ठेवली की लवकर थकते. म्हणून आताचे लॅपटॉप, चार्जर लावलेलाच राहतो आहे असं दिसलं, की ऐंशीवर हात आखडता घेतात. चालायला लागणारी वीज थेट बोर्डातून घेतात आणि बॅटरीला शिवत नाहीत.

हे माझ्या गळी उतरायला वेळ लागला. आमच्या कारखान्यात फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या पाळी संपली की पार भरायच्या, असा दंडक आहे. ऐंशीवर कोणी वायर काढली तर चार्जिंग रूमचा माणूस त्याच्या सात पिढ्या उद्धरतो. अर्धवट राहणं हे तब्येत सांभाळण्याचं लक्षण असतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

मग हा भरतो तरी कधी, मी विचारलं.

"तो तुमची सवय शिकतो, ताई," हर्षाली म्हणाली. "रोज वायर कधी निघते ते बघून ठेवतो. निघायची वेळ आली की त्याच्या आधी उरलेलं भरून घेतो."

"आणि कोणी वायर काढतच नसेल तर?"

"मग बसून राहतो ऐंशीवर. वाट बघत म्हणा."

पैसे घेतले नाहीत तिने. येताना गंगापूर रोडला सिग्नलवर उभी असताना माझ्या मनात आलं, की चार्जर जोडलेला पण चार्जिंग होत नाही असं आणखी एक जण माझ्या घरात आहे. मी तो विचार तिथल्या तिथे झटकला. असली जुळवाजुळव मला आवडत नाही.

३

पितरांचा पंधरवडा लागला. शेजारच्या मळ्यात रोज कोणाचं तरी पान वाढलेलं असायचं आणि कावळ्यांचा नुसता कालवा. अशा एका संध्याकाळी मी घरी आले, दारातून छाती बघितली, पंप ऐकला आणि लॅपटॉपकडे बघितलं. त्याच्या कडेचा दिवा नारिंगी होता.

भरत असला की नारिंगी आणि थांबला की पांढरा, असा त्याचा हिशेब आहे. संतोष पडल्यापासून तो पांढराच बघत आले होते. मी जवळ जाऊन कळ दाबली. आकडा नव्वदच्या पुढे गेला होता. हातपाय धुऊन आले तोवर शंभर झाला आणि दिवा पांढरा झाला.

हर्षालीने काहीतरी इकडचं तिकडे केलं असेल, मी म्हटलं. सकाळपर्यंत आकडा परत ऐंशीवर उतरला होता, आणि दुसऱ्या दिवशी आले तेव्हाही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. या खोलीत इतक्या महिन्यांत काहीही पुढे सरकलं नव्हतं, तिथे निदान एक आकडा तरी सरकला.

मग चहा टाकताना हर्षालीचं बोलणं आठवलं. निघायची वेळ आली की भरून घेतो. माझ्या हातातला साखरेचा चमचा तसाच राहिला. खोलीत पंप घुरघुरत होता, बाहेर कावळे ओरडत होते, आणि निघण्यासारखं त्या खोलीत कोण होतं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी घाबरले. चहा उतू जाईपर्यंत तिथेच उभी होते.

४

घाबरलं की मी काम काढते. आमच्याकडे खोट सापडली की व्हाय-व्हाय करतात. एकाखाली एक पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्याला मूळ हाती लागतं. लॅपटॉप का भरला? कोणीतरी वायर काढणार, असं त्याला वाटलं म्हणून. तसं का वाटलं? जुनी सवय आठवली म्हणून. मग इतके महिने का नाही आठवली? तिसऱ्यालाच माझी गाडी अडली.

शनिवारी मी घरी होते. सकाळपासून खोलीत जाऊन जाऊन दिवा बघत राहिले. आत्याबाई म्हणाल्या, नवऱ्याकडं बघ थोडं, त्या डबड्याकडं काय बघतीस. दिवा दिवसभर पांढरा, आकडा ऐंशी. संध्याकाळी औषधं आणायला पेठ नाक्यापर्यंत जाऊन आले. परत आले तेव्हा दिवा नारिंगी होता.

पुढच्या आठवड्यात अर्धी रजा टाकून भर दुपारी आले. नारिंगी. दुसऱ्या दिवशी मुद्दाम रेंगाळत, भाजी घेत, उशिरा आले. तेव्हाही तो नुकताच भरायला लागला होता. घड्याळ बघून भरत असता तर कधीच भरून बसला असता. म्हणजे तो वेळ ओळखत नव्हता. मला ओळखत होता.

हर्षालीला फोन केला. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, ताई, त्याला फक्त घड्याळ कळतं, माणसं नाही कळत. मग तिने तिकडूनच लॅपटॉपमध्ये शिरून सवय शिकण्याचा भागच बंद केला आणि ऐंशीची मर्यादा पक्की करून टाकली. आता ब्रह्मदेव आला तरी पुढे जाणार नाही, असं हसत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी घरी आले तेव्हा दिवा नारिंगी होता.

५

घट बसले तसा मळ्यात दसऱ्याच्या झेंडूचा हंगाम सुरू झाला. ओट्यावर, पडवीत, कॉटखाली, जागा मिळेल तिथे फुलं. सगळं घर झेंडूच्या उग्र वासाने भरलं होतं, संतोषच्या खोलीतसुद्धा औषधांचा वास येईनासा झाला होता. एका संध्याकाळी मी दारात आले आणि लॅपटॉपला दिवाच नव्हता.

वायर काढलेली होती. नुसती काढलेली नाही, गुंडाळून टेबलाच्या कडेला ठेवलेली होती. मी वायर गुंडाळते तेव्हा कशीतरी कोंबते. संतोष दोन बोटांवर वेढे घेतो आणि शेवटचा वेढा मधून ओवून गाठ पाडतो. त्याच्या खोक्यातल्या सगळ्या वायरी अजून तशाच आहेत. टेबलावरची वायर तशी होती. आणि खुर्ची, जी मी रोज टेबलाखाली सारते, ती वीतभर मागे सरकलेली होती.

पलंगावर संतोष सकाळी ठेवला तसाच होता. मी चादर वर करून त्याचे पाय बघितले. तळवे मऊ आणि कोरडे. बाहेरच्या मातीचा एक कण नव्हता. असं तपासायची मला लाज वाटली, पण तपासलं.

आत्याबाई ओट्यावर फुलं निवडत होत्या. वायर तुम्ही काढलीत का, असं मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. बायका कोणी आत आल्या होत्या का? नाही. मग त्यांनी एक खराब फूल बाजूला टाकलं.

"खुर्ची वाजती," त्या म्हणाल्या. "पंधरवड्यापासून वाजती. मी पडवीत आसली का आतून वाजती. जाऊन बघावं तर काय नाय."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"त्या दिवसांत आसलं तोंडातून काढू नाय, पोरी. मला वाटलं, निघाला तो."

मलाही तेच वाटलं होतं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. मी खाली बसले आणि त्यांच्याबरोबर फुलं निवडायला लागले.

६

अष्टमीला अमोलदादा नांदगावहून आले. ते संतोषचे थोरले भाऊ. त्यांनी एक सेवाकेंद्र बघून ठेवलं होतं, अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठीचं. मोठा हॉल, दोन्हीकडे पलंगांच्या रांगा, पाळीपाळीने नर्स. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची ॲम्ब्युलन्स येणार होती.

दादा वाईट नाहीत. आईचे गुडघे बघ, म्हणाले. कुशीवर वळवताना तिच्याच्याने होत नाही. तुझी नोकरी सुटली तर सगळंच बसेल. ठेवलेली बाई टिकत नाही, हे तर खरंच होतं, दोन गेल्या होत्या. तिथे गेला म्हणजे गेला असं नाही, म्हणाले, सुधारला तर आणू की घरी. लहानपणी संतोषला त्यांनीच खांद्यावर घेऊन पोहायला शिकवलं होतं.

मी आधीच फोनवर हो म्हटलं होतं, आताही म्हटलं. दमले होते, हे एक. आणि दुसरं, ते मी दादांना सांगितलं नाही. मला त्या खोलीची भीती वाटायला लागली होती. लॅपटॉप रोज कोणाच्या तरी निघण्याची तयारी करत होता. ती तयारी पुरी होईल तेव्हा मी दारात उभी असेन, हे मला नको होतं. आणि तरी, तो नर्सच्या हाताखाली, अनोळखी छताखाली डोळे उघडेल आणि ते डोळे थांबायला तिथे ओळखीचं कोणी नसेल, हा विचारही मला सोडत नव्हता.

७

नवमीला आमच्याकडे अवजारं पुजतात. या घरची रीत अशी, की त्या दिवशी कुठलंही अवजार जखडलेलं ठेवायचं नाही. मोटारीचा फ्यूज काढायचा, फवारणीच्या पंपाचा पट्टा सोडायचा, कात्र्यांचे चाप उघडायचे. वर्षभर राबतात, एक दिवस मोकळे राहू देत.

सकाळी आत्याबाई म्हणाल्या, त्याचं अवजार पण आण. मी लॅपटॉप बंद केला, वायर काढून कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. बाहेरच्या खोलीत कुदळी, कात्र्या आणि पंपाशेजारी झेंडूच्या पाकळ्यांवर तो मांडला. आत्याबाईंनी त्याच्या झाकणावर ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढली. संगणकाला इतकं पाणी लावू नये, असं म्हणायचं होतं, पण म्हटलं नाही.

कारखान्यातही मशीनची पूजा झाली आणि आम्हाला लवकर सोडलं. येताना रस्ताभर माझ्या मनात एक परीक्षा घोळत होती, मी येते आहे हे कळूच दिलं नाही तर काय होतं ते बघायची. वळणाच्या अलीकडे मी स्कूटी बंद केली, बाभळीखाली लावली आणि चपला हातात घेऊन बांधाबांधाने चालत आले. आपल्याच घरात चोरासारखी शिरले.

लॅपटॉप पाकळ्यांवर होता तसाच होता. कपाटाचं कुलूप जागच्या जागी. खोलीत खुर्ची टेबलाखाली सारलेली. संतोषची छाती खालीवर होत होती, पंप घुरघुरत होता. काही नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी ओट्यावर येऊन बसले आणि रडले, कारण मला कळलं, की ते जे काही होतं ते तिथे असावं, असं मला हवं होतं.

आत्याबाई मळ्यातून आल्या. मी बसलेली बघून दचकल्या. गाडी कुठंय तुझी, म्हणाल्या, आज वाजली नाय. वळणाला लावून चालत आले, असं मी सांगितलं.

"मंग त्याला कसं कळंल?" त्या म्हणाल्या.

कोणाला काय कळेल, मी विचारलं.

"तुझी गाडी वळणाला वाजली का तो वायर काढायचा," आत्याबाई म्हणाल्या. "गुंडाळून ठेवायचा आन् ते लॅपटॉप घेऊन हितं ओट्यावर येऊन बसायचा. मी म्हणायची, आरं बस की आतच, ती येतीच हाय. तर म्हणायचा, आल्या आल्या दिसलो पायजे तिला."

रोज मी यायचे तेव्हा तो ओट्यावर मांडी घालून बसलेला असायचा. मी हेल्मेट काढता काढता म्हणायचे, मी तिकडे घाम गाळते आणि साहेब दुपारपासून वाऱ्याला. तो हसायचा. दुपारपासून तिथेच बसलेला असतो, असं मी धरून चालले होते. आणि सायलेन्सरचं कव्हर. त्याने ते का घट्ट केलं नाही, ते आत्ता या ओट्यावर मला समजलं.

"आत्याबाई, तो जायला वायर काढत नव्हता," मी म्हटलं.

"यायला काढायचा," त्या म्हणाल्या. आणि मग आपण काय बोललो ते त्यांनाही कळलं. त्यांनी खांब धरला.

८

दिवेलागणीला मी वळणावर परत गेले. आत्याबाई ओट्यावर दाराकडे तोंड करून उभ्या राहणार होत्या, म्हणजे कोणी आत गेलं नाही, याची खात्री. शेवटी मी क्वालिटीतली आहे.

किल्ली घातली आणि माझा हात थांबला. पलंगावर जे आहे त्याला वायरसुद्धा उचलवत नाही. मग येतं ते काय, आणि ते बाहेर आलं तर पलंगावर काय उरतं? मी बोलावते आहे, पण कुठून? मळ्यात अंधार उतरायला लागला होता, झेंडूचा पिवळा रंग तेवढा दिसत होता. परवा सकाळी ॲम्ब्युलन्स येणार होती. मी बटण दाबलं.

कव्हर खडखडलं. बगळे उडाले. मी नेहमीच्या वेगाने आले, नेहमीच्या जागी गाडी लावली. आत्याबाई खांबाला धरून उभ्याच होत्या. त्या घराच्या आत बघत होत्या.

बाहेरच्या खोलीत अवजारांपाशी निरांजन तेवत होतं. पाकळ्यांमध्ये एक चौकोनी जागा मोकळी होती.

मी खोलीच्या दारात आले. लाइट लावला नाही. पंप चालू होता. टेबलावर लॅपटॉप उघडा होता, वायर नाही, पडदा काळा. त्या काळ्या काचेत मागचं दार दिसत होतं, दारात मी दिसत होते. आणि काचेत नव्हे, माझ्या पुढच्या खुर्चीत, कोणीतरी पाठमोरं होतं. मान खाली घालून, दोन्ही हात टेबलावर टेकून, उठायच्या बेतात असल्यासारखं. त्या मानेवरचे केस मी कितीदा कात्रीने सारखे केले आहेत.

बघितलं ते तेवढंच. पापणी लवली आणि खुर्ची वाजली.

खुर्ची रिकामी होती. पण टेबलाकडे नव्हती, दाराकडे वळलेली होती, माझ्याकडे.

मी पलंगाकडे बघायला किती वेळ घेतला, ते मला सांगता येत नाही. तिथे आता कोणी नसेल, नुसता देह असेल, असंच मला वाटत होतं. संतोष सकाळी ठेवला तसाच होता, उताणा, हात चादरीवर. डोळे उघडे होते. आणि ते थांबले होते. माझ्यावर थांबले होते.

मागून आत्याबाईंचा आवाज आला, त्याच्या हाताकडं बघ. उजव्या हाताची दोन बोटं, ज्यांवर तो वायर गुंडाळतो ती, दोन पेरांपर्यंत कुंकवाने लाल होती.

लॅपटॉपवर आकडा किती होता, ते मी बघितलं नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट न तपासता सोडून दिली.

९

अमोलदादांना लगेच फोन केला. ॲम्ब्युलन्स नको, म्हटलं. त्यांनी का ते विचारलं. तो बघतो आहे, एवढंच मी सांगितलं. दसऱ्याला सकाळीच ते आले, पलंगाशी बसले, आणि संतोषची नजर त्यांच्या मागे खिडकीपर्यंत जाऊन परत आली तेव्हा बाहेर पडवीत जाऊन रडले. दोन दिवसांनी डॉक्टर आले. त्यांनी टॉर्च डोळ्यांपुढून फिरवला, बोट धरायला लावलं. फार आशा एकदम धरू नका, म्हणाले, पण धरा. माणूस परत येतो तेव्हा असाच येतो, तुकड्या-तुकड्याने. आईला मदत म्हणून दादा आता दर आठवड्याला दोन दिवस इथे येऊन राहतात.

मी वायर त्याच्या हातात दिली. पहिल्या दिवशी बोटं नुसती हलली. दिवाळीच्या आसपास एक वेढा पडला. मधून ओवायला अजून जमत नाही, चिडतो. मला त्याचं चिडणं आवडतं. परवा त्याने एक शब्द काढला. आत्याबाई म्हणतात, 'आई' म्हणाला. मला तो 'आली' वाटला. यावर आमचं रोज वाजतं आणि तो दोघींकडे आळीपाळीने बघतो.

तो व्हाय-व्हाय मी पुरा केला नाही. चार 'का' कसेबसे भरता येतात. पाचव्याची जागा रिकामी आहे आणि मला तिची आता भीती वाटत नाही.

नवमीनंतर लॅपटॉप पुन्हा ऐंशीवर आहे. मी कितीही वेळा जाऊन आले तरी दिवा पांढराच. खुर्ची वाजत नाही. आता चाकाची खुर्ची आणली आहे. आत्याबाई सांगतात, वळणाला आवाज झाला की त्याची मान दाराकडे वळते, आणि मग त्या त्याला ढकलत ओट्यावर नेतात. रोज मी हेल्मेट काढते तेव्हा तो समोर असतो.

मागच्या आठवड्यात स्कूटी सर्व्हिसिंगला दिली. मेकॅनिकने सगळं नीट केलं आणि शेवटी सायलेन्सरच्या कव्हराला पाना लावला. मी त्याचा हात धरला. तेवढं ढिलं राहू दे, म्हटलं. घरी ऐकणारं माणूस आहे.